आधी वर्ग, मग गुण

७० गुणांना फर्स्ट. ६० ते ६९ म्हणजे टू-वन, सेकंड क्लासचा वरचा भाग; ५० ते ५९ टू-टू, त्याचाच खालचा भाग; ४० ते ४९ थर्ड. त्याखाली नापास, किंवा फार तर ‘ऑनर्स’ वगळलेली साधी पदवी. ब्रिटिश पदवीची वर्गवारी एवढ्या दोन ओळींत सांगून होते. ऐकणारा मान डोलावतो आणि विचारतो, “बरं, पण म्हणजे आपल्याकडचे किती टक्के?” घोळ तिथून सुरू होतो.

उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या विभागीय कार्यालयात मी बरीच वर्षं नोकरी करते. परीक्षा, निकाल, एक्झाम बोर्डाच्या बैठका आणि त्यांची इतिवृत्तं हे माझं खातं. त्यामुळे मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभी असले तरी कुणाच्या तरी भाच्याचा निकाल मोबाइलवर उघडून माझ्यासमोर धरला जातो. “ताई, बघा ना, अठ्ठावन्न दिलेत. दहावीला ब्याण्णव होते हो त्याला.” आवाजात विद्यापीठावरचा राग असतो, मुलाबद्दलची शंका असते, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ताही असतो.

आपल्याकडची बहुतेक मुलं इथे एक वर्षाच्या मास्टर्सला येतात. तिथे नावं वेगळी आहेत: ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. मोजपट्टी मात्र तीच. तिच्याबद्दल मला जे सांगायचं असतं ते प्रसादाच्या रांगेत सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते आहे. गुणांची सरासरी काढून वर्ग ठरतो हे नियमावलीत लिहिलेलं आहे आणि ते खरंही आहे. पण एकेका निबंधापुरतं पाहिलं तर गोष्ट बरोबर उलटी घडते. आधी वर्ग ठरतो, मग गुण.

इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा परीक्षक निबंध हातात घेतो तेव्हा तो शून्यापासून गुण देत वर चढत नाही, की शंभरातून कापत खाली उतरत नाही. तो वाचतो आणि मनाशी म्हणतो, हा टू-वनचा निबंध आहे. मग पुढचा प्रश्न: काठावरचा, मधला, की वरच्या अंगाचा? काठावरचा असेल तर ६२, मधला तर ६५, वरच्या अंगाचा असेल तर ६८. काही विभागांनी तर हे आकडेच ठरवून दिले आहेत. अधलेमधले वापरायचे नाहीत. म्हणजे ६५ हा शंभरातला हिस्सा नाही, तो एका शेऱ्याचा आकडी पोशाख आहे. आणि ८० च्या वरचे आकडे हे शोकेसमधल्या कपबश्यांसारखे: घरात आहेत, पण पाहुण्यांसाठीही निघत नाहीत. मानव्यविद्यांच्या निबंधाला ७४ मिळाले तर आमच्या कार्यालयात त्याची चर्चा होते. ८२ मिळाले तर प्राध्यापक स्वतःहून सांगत येतात.

गणित, भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग यांचं तसं नाही. तिथे पायरीपायरीने गुण मिळतात, सगळं बरोबर आलं तर ९० च्या पुढेही जाता येतं, आणि ५० च्या खाली घसरगुंडीही होते. पेपर फार अवघड निघाला तर गुण वर सरकवून घेतात, कारण शेवटी त्यांनाही वर्गांच्या त्याच चौकटीत बसायचं असतं. गणितातला ८८ सरासरीचा मुलगा आणि इतिहासातली ७१ सरासरीची मुलगी, दोघांच्या प्रमाणपत्रावर एकच ओळ येते: फर्स्ट क्लास ऑनर्स. हा न्याय की अन्याय यावर मी कधीच पक्कं मत बनवू शकलेले नाही. पण दोघांच्या टक्क्यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही, हे त्या ओळीने निदान कबूल केलेलं असतं. आपल्याकडे ते कबूल करायला कुणी तयार नसतं. दशांश चिन्हानंतरच्या दोन घरांवर प्रवेश फिरतात.

आता त्या भाच्याचे ५८. हे प्रकरण मी इतक्यांदा पाहिलं आहे की निबंध न वाचताही त्यात काय असेल ते सांगता येतं. सगळं बरोबर असतं. व्याख्या बरोबर, सिद्धांत बरोबर, वर्गात सांगितलेला प्रत्येक मुद्दा क्रमाने आलेला, संदर्भयादी नेटकी. समासात परीक्षकाने लिहिलेलं असतं, ‘यावर तुमचं म्हणणं काय?’ आणि पुढच्या पानावर पुन्हा, ‘बरं, मग?’ विभागाच्या संकेतस्थळावर गुणदानाचे निकष सगळ्यांसाठी खुले असतात, आणि ते वाचणारा विद्यार्थी विरळा. त्यात टू-टूचं वर्णन साधारण असं असतं की विषयाची समज आहे, पण लेखन मुख्यतः वर्णनात्मक आहे. टू-वनला मांडणीत युक्तिवाद हवा, पुराव्यांची तपासणी हवी. फर्स्टला स्वतंत्र विचार हवा, नेमलेल्या वाचनाच्या बाहेरचं वाचन हवं. म्हणजे ५८ आणि ६२ यांच्यात चार गुणांचं अंतर नाही, जातीचा फरक आहे. आणखी चार मुद्दे लिहून तो भरून निघत नाही. तेच मुद्दे घेऊन भांडावं लागतं.

आमची मुलं भांडत नाहीत, कारण त्यांना आयुष्यभर न भांडण्याचेच गुण मिळालेले असतात. ‘सविस्तर उत्तरे लिहा’ या सूचनेवर वाढलेल्या मुलाला लेखकाचं मत खोडून काढायला सांगितलं की तो आधी घाबरतो आणि मग चारही लेखकांशी सहमत होतो. हे एकदा कळलं की बरीच मुलं दुसऱ्या सत्रात ६५ वर जातात. हुशारी तीच असते. परवानगी मिळालेली असते.

पुढचा प्रश्न हमखास येतो: “रीचेकिंग करता येईल का?” गुणांची बेरीज चुकली असेल, पुरवणी तपासायची राहिली असेल, तर जरूर. पण ‘माझा निबंध ६२ चा होता, तुम्ही ५८ का दिले?’ यावर ब्रिटनमध्ये दाद मागता येत नाही. याला इथे ‘अकॅडेमिक जजमेंट’ म्हणतात आणि ते अपिलाच्या कक्षेबाहेर आहे. प्रक्रिया चुकली, पक्षपात झाला, आजारपणाची नोंद घेतली गेली नाही, अशा कारणांवरच अपील होतं. विद्यापीठाच्या बाहेर विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारी स्वतंत्र लवादासारखी एक संस्था आहे, तीही या निर्णयाला हात लावत नाही. आपल्याकडच्या पालकांना हे फार उद्धट वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं. पण गुण म्हणजे मोजमाप नसून मत आहे, हे एकदा मान्य केलं की ते मत कुणाचं आणि कितीजणांचं, एवढाच प्रश्न उरतो. म्हणून तर दुहेरी तपासणी आहे, म्हणून नमुन्यादाखल काही उत्तरपत्रिका दुसऱ्या विद्यापीठातल्या बाह्य परीक्षकाकडे जातात. ही बाह्य परीक्षकाची चाल जुनी आहे. १८३२ मध्ये डरहॅम विद्यापीठ निघालं तेव्हा त्यांनी ऑक्सफर्डहून परीक्षक आणले, आपली पदवी कमअस्सल नाही हे दाखवायला. आमच्याकडेही दर जूनमध्ये असे दोन-तीन पाहुणे येतात, सँडविच खातात आणि एखाद्या वाक्यात अख्ख्या विभागाला घाम फोडतात.

दोन परीक्षकांत मतभेद झाले की खरी मजा. एकाने ६८ दिले, दुसऱ्याने ७२. सरासरी ७० काढून मोकळं व्हायचं नाही. दोघांनी बसून बोलायचं आणि हा फर्स्ट आहे की नाही ते ठरवायचं. यातूनच एक अलिखित, काही ठिकाणी लिखित, नियम आला: ६९ द्यायचे नाहीत. ५९ द्यायचे नाहीत. ६९ देणारा परीक्षक म्हणजे दारात उभा राहून आत येऊ की नको म्हणणारा माणूस. फर्स्ट असेल तर ७० दे, नसेल तर ६८ दे, पण ठरव.

मुलाच्या एकूण सरासरीला मात्र ६९ होण्यापासून कोण अडवणार? तीन वर्षांची ऑनर्स पदवी म्हणजे ३६० क्रेडिट, वर्षाला १२०. बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षाचे गुण अंतिम वर्गात धरत नाहीत, फक्त पास व्हायचं असतं, आणि या सवलतीचा मुलं यथेच्छ फायदा घेतात. दुसऱ्या वर्षाचं वजन कमी, तिसऱ्याचं जास्त. किती कमी आणि किती जास्त, हे प्रत्येक विद्यापीठाचं स्वतःचं. स्कॉटलंडमध्ये ऑनर्सला चार वर्षं लागतात. डॉक्टरकीच्या पदवीला सहसा असा वर्ग नसतोच. तेव्हा दोन विद्यापीठांत अगदी सारखे गुण मिळवलेली दोन मुलं एकीकडे फर्स्ट आणि एकीकडे टू-वन होऊ शकतात. निव्वळ सूत्र वेगळं म्हणून. यावर इथली वर्तमानपत्रं अधूनमधून संतापतात, मग विसरतात.

काठावरच्या मुलांसाठी नियम असतात: सरासरी ६८ च्या पुढे असेल आणि निम्म्याहून जास्त क्रेडिट फर्स्टमध्ये असतील तर वर चढवा, असे काहीसे. पूर्वी बोर्डात यावर तासन्‌तास वाद चालत. नावं झाकलेली असत, नुसते क्रमांक, तरीही कुणीतरी म्हणे की या उमेदवाराचा प्रबंध पाहा, हा फर्स्टवालाच आहे. आता बऱ्याच ठिकाणी संगणक सूत्र लावून यादी काढतो आणि बोर्ड मान हलवतं. पक्षपात कमी झाला हे चांगलंच. पण ६५ म्हणजे मत असं म्हणत आम्ही तीन वर्षं काढतो, आणि शेवटच्या दुपारी त्याच मतांना वजनं लावून, गुणून, दोन दशांशांपर्यंत सरासरी काढतो, तेव्हा इतिवृत्त लिहिताना मला कुठेतरी खटकतं. जी गोष्ट बेरजेसाठी जन्मली नाही तिची आम्ही बेरीज करतो.

क्रमांकाचं वेड ब्रिटिशांनाही होतं, आणि त्याची एक खूण मराठीत अजून शिल्लक आहे. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. रावबहादूरसारखी ही सरकारने दिलेली पदवी असावी असं पुष्कळांना वाटतं. केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, दुसऱ्या वर्गातले सीनियर ऑप्टिमी, तिसऱ्यातले ज्युनियर ऑप्टिमी. वर्गाच्या आतही क्रम लावला जाई आणि तो जाहीर वाचून दाखवला जाई. पहिला आलेला सीनियर रँग्लर म्हणजे इंग्लंडभर गाजणारं नाव. दापोलीजवळच्या मुर्डीचे, फर्ग्युसनमधून गेलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये जॉर्ज बर्टविसल यांच्याबरोबर विभागून सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ते परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकवू लागले, पुढे तिथले प्राचार्य झाले, आणि ‘रँग्लर’ हा त्यांच्या नावाचा भागच झाला. इंग्लंडमध्ये कुणी कुणाला वर्गाच्या नावाने हाक मारत नाही. आपण मारली.

त्याच यादीच्या शेवटच्या टोकाला काय होतं तेही सांगायला हवं. ऑनर्स मिळवणाऱ्यांत जो सगळ्यात शेवटचा, त्याला पदवीदानाच्या वेळी सज्जातून दोरीने एक लाकडी चमचा सोडून देत. सुरुवातीला साधा असलेला हा चमचा पुढे वाढत वाढत माणसाएवढा व्हायला लागला. शेवटचा चमचा १९०९ मध्ये कथबर्ट होल्टहाउस यांना मिळाला. ते सेंट जॉन्स कॉलेजचे, म्हणजे परांजप्यांच्याच कॉलेजचे. त्यानंतर क्रम जाहीर करणं बंद झालं. रँग्लर राहिले, कितवे ते गेलं. क्रमवारी मोडावी म्हणून जोर लावणाऱ्यांत गणितज्ञ हार्डी होते. ते स्वतः १८९८ चे चौथे रँग्लर. तक्रार खोटी नव्हती: या शर्यतीसाठी मुलं खासगी शिकवणीवाल्यांकडे वर्षानुवर्षं उदाहरणं घोटत बसत आणि गणित बाजूला राही. कोचिंग क्लासचा धंदा लातूरने किंवा कोट्याने शोधला असं ज्यांना वाटतं त्यांनी व्हिक्टोरियन केंब्रिजकडे जरूर पाहावं. क्रम किती खरा होता? भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल १८५४ चे दुसरे रँग्लर, भौतिकशास्त्रज्ञच असलेले केल्व्हिन १८४५ चे दुसरे. त्यांच्या वर पहिले कोण आले ते आता शोधावं लागतं. आणि १८९० मध्ये फिलिपा फॉसेट यांचं नाव ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं वाचलं गेलं. स्त्रियांना पदवी मिळत नव्हती, म्हणून त्यांची यादी वेगळी. केंब्रिजने स्त्रियांना पदवी द्यायला १९४८ उजाडलं. जी बाई पहिल्याच्याही वर होती, तिला केंब्रिजची पदवीच मिळाली नाही.

तेव्हा आजची ही चार खोल्यांची व्यवस्था, फर्स्ट, टू-वन, टू-टू, थर्ड, ही क्रमवारीपेक्षा सौम्य म्हणून टिकली असं मला वाटतं. ऑक्सफर्डने तर १९८० च्या दशकापर्यंत सेकंडचे दोन भागही केले नव्हते. खोल्या जितक्या मोठ्या तितकी आत हालचाल जास्त, आणि भिंतीही तितक्याच क्रूर. स्टीफन हॉकिंग १९६२ मध्ये ऑक्सफर्डला फर्स्ट आणि सेकंडच्या भिंतीवर अडकले होते, तोंडी परीक्षा झाली. पुढचा बेत विचारल्यावर त्यांनी सांगितलं की फर्स्ट दिलात तर केंब्रिजला जाईन, सेकंड दिलात तर इथेच राहीन. फर्स्ट मिळाला. कवी ऑडेन यांना ऑक्सफर्डने १९२८ मध्ये थर्ड दिला आणि १९५६ मध्ये तिथल्याच काव्याच्या प्राध्यापकपदी निवडून आणलं. कवी हाउसमन तर १८८१ च्या शेवटच्या परीक्षेत नापासच झाले, पेटंट ऑफिसात दहा वर्षं कारकुनी केली आणि मग लॅटिनचे प्राध्यापक झाले. अशी उदाहरणं टू-टू मिळालेल्या मुलांना मी तोंडपाठ ऐकवते. त्यांना त्याचा उपयोग शून्य असतो, कारण हाउसमनना ऑनलाइन अर्ज भरावा लागला नव्हता.

टू-टूला इथली पोरं ‘डेस्मंड’ म्हणतात. दक्षिण आफ्रिकेच्या आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या आडनावावरून. “डेस्मंड मिळाला” असं हसत सांगणारी मुलगी दुसऱ्या वाक्याला रडताना मी पाहिली आहे. कारण अनेक कंपन्यांच्या अर्जात पहिली चाळण टू-वनचीच असते. अलीकडे काही मोठ्या लेखापरीक्षण कंपन्यांनी ती काढली, ईवायने २०१५ मध्ये, पीडब्ल्यूसीने २०२२ मध्ये. पण सगळ्यांनी काढलेली नाही, आणि मास्टर्सच्या प्रवेशाला ती बऱ्याच ठिकाणी लागतेच.

इकडे फर्स्टची स्वस्ताई झाली आहे. इंग्लंडमध्ये २०१०-११ ला साधारण १६ टक्के मुलांना फर्स्ट मिळत होता. २०२०-२१ मध्ये, साथीच्या काळातल्या सवलतींमुळे, हा आकडा ३७ टक्क्यांच्या वर गेला. नंतर थोडा उतरला, पण जुन्या जागी आलेला नाही. मुलं जास्त अभ्यास करतात, शिकवणं सुधारलं, की फी भरणाऱ्या गिऱ्हाइकाला नाराज करायचं नाही? आमच्या बोर्डात हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. २००७ मध्येच लेस्टरच्या कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालच्या एका गटाने सांगितलं होतं की ही वर्गवारी आता कामाची राहिली नाही, त्याबरोबर विद्यार्थ्याच्या कामगिरीचा सविस्तर अहवाल द्या. तसे अहवाल बऱ्याच विद्यापीठांत निघाले. पानंच्या पानं असतात. ते उघडून वाचणारा मालक मला अजून भेटायचा आहे.

आणि आपले टक्के? मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर निघालं, वर्ग तिथूनच आले, पण आपण ते ६० ला फर्स्ट असे बसवले. पुणे विद्यापीठाने तर ५५ ते ६० मध्ये ‘हायर सेकंड क्लास’ नावाची खोली काढली, टू-वनची मराठी चुलत बहीणच. त्यामुळे ६४ गुणांचा मुलगा इथे सेकंड क्लास आणि शिवाजीनगरला फर्स्ट क्लास. ब्रिटिश विद्यापीठंही आपल्या मुलांना घेताना बहुतेकदा ६० टक्क्यांनाच टू-वन धरतात. म्हणजे उंबरा एकच, फक्त पाटी वेगळी.

हे सगळं मी गेल्या उन्हाळ्यात एका आईला फोनवर समजावून सांगितलं. मुलाला इथून टू-वन मिळाला होता, नोकरीही लागली होती, आणि सांगलीला त्याच्या लग्नाचा बायोडाटा तयार होत होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ते सगळं पटलं हो ताई. पण प्रमाणपत्रावर चक्क सेकंड क्लास छापलंय. लिहू काय मी शिक्षणाच्या रकान्यात?” मी म्हटलं, “बी.ए. ऑनर्स, इंग्लंड, एवढंच लिहा.” त्यांनी नुसतं “बरं” म्हटलं. महिन्याभराने बायोडाटा फिरत फिरत माझ्याच मोबाइलवर आला. शिक्षणापुढे लिहिलं होतं: बी.ए. ऑनर्स (यू.के.), ६४ टक्के, प्रथम श्रेणी.